शेपूट नसलेली शीळ

डॉल्फिन हा मासा नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमसमोर कुणी त्याला मासा म्हटलं, की त्या खडू खाली ठेवायच्या आणि वर्गाकडे अशा बघायच्या, जणू कुणी त्यांच्या माहेराला नावं ठेवली. मी त्यांच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं अटेंडंट होते. बरण्या पुसायच्या, त्यातलं औषध बदलायचं, सांगाडा पडला तर उभा करायचा, प्रोजेक्टर लावायचा. नवरा त्याच कॉलेजात शिपाई होता. तो गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. शिक्षण सातवी. पण मागच्या भिंतीला टेकून बावीस वर्षं तेच तेच ऐकलं, की सातवीवालीलाही बरंच कळायला लागतं. मॅडमना मात्र हे कधी पटलं नाही.

दोन हजार सोळाच्या डिसेंबरात मॅडमनी डॉल्फिनची फिल्म लावली. म्हणजे लावली मी, बोलल्या त्या. समुद्राचं पाणी गढूळ, लांबचं दिसत नाही, म्हणून ही जनावरं एकमेकांपासून तुटू नयेत यासाठी शीळ घालतात. आणि प्रत्येकाची शीळ निराळी. पिल्लू लहान असतानाच स्वतःची एक शीळ तयार करतं आणि ती जन्मभर त्याचीच राहते. "मी अमुक, मी इथं आहे," एवढंच ती सांगते. आई आणि पिल्लू दुरावली, की भेट होईपर्यंत दोघंही शीळ घालत राहतात. एखाद्याला हाक मारायची असेल, तर त्याचीच शीळ त्याला ऐकवायची, मग तो उत्तर देतो. वीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या सोबत्याची शीळसुद्धा ती ओळखतात.

पोरं बाकाखाली मोबाईल बघत होती. मॅडमनी हे असं सांगितलं, की जणू काल रात्रीच शोध लागला. आमच्या बापाला हे सगळं पाठ होतं आणि त्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

आम्ही मेंढरंवाले. अजिंठ्याच्या डोंगरात, सोयगावच्या वरच्या अंगाला आमचं गाव. पण गावात राहणं पावसाळ्यापुरतं. बाकी वर्षभर तळ हेच घर. तळ म्हणजे सात-आठ बिऱ्हाडं, पाच-सहाशे मेंढरं, चार घोडी, कुत्री, आणि आज इथं तर उद्या तिथं. दऱ्याखोऱ्यात माणूस नजरेआड झाला, की हाक पोचत नाही, वाऱ्यात विरते. शीळ पोचते. म्हणून आमच्या तळावर प्रत्येक गड्याची आपली आपली शीळ होती. पोरगा मेंढरांमागं जायला लागला, की स्वतःच जुळवायचा, आणि मग ती मरेपर्यंत त्याची.

त्यात एक कायदा होता. स्वतःची शीळ घालायची ती नुसती, कोरी. म्हणजे 'मी इथं आहे'. दुसऱ्याला हाक मारायची तर त्याची शीळ घालून शेवटी एक छोटा उतरता सूर जोडायचा. त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. शेपूट ऐकलं, की कळायचं, हा तो नाही, त्याला कुणीतरी बोलावतंय. दुसऱ्याची शीळ शेपूट न लावता घातली, तर कानाखाली बसायची. कारण आवाजाच्या दिशेनं अख्खा तळ चालू लागायचा.

आणि पोरींनी शीळ घालायचीच नाही. पोरीनं शीळ घातली, की मेंढ्या गाभ टाकतात, असं मानायचे. कुणी घालूनही बघत नव्हतं.

फिल्म संपली. बावीस वर्षांत मी वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं, त्या दिवशी उघडलं. म्हटलं, "मॅडम, एकानं दुसऱ्याची शीळ घातली, तर ऐकणाऱ्याला खरी-खोटी कळते का?"

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "चांगला प्रश्न आहे, बानाबाई," त्या म्हणाल्या. "नक्कल करणारा अगदी हुबेहूब तशीच शीळ घालत नाही. थोडासा फरक ठेवतो. आणि नक्कल करतो ती जवळच्याचीच. आईची, पिल्लाची, जिवाभावाच्या सोबत्याची. फसवण्यासाठी कुणी कुणाची शीळ घातली, असं अजून तरी दिसलेलं नाही."

मी प्रोजेक्टर बंद केला आणि बरण्यांच्या खोलीत जाऊन रडले. समुद्रातल्या जनावरालाही शेपूट लावायचं कळतं. मी लावलं नव्हतं.

हे तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्यातले नाही. आमच्यात सांगायची सोय आता उरलेली नाही. का, ते पुढे येईलच.

बहात्तरचा दुष्काळ. मी बारा वर्षांची. पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, डोंगरावर गवताची काडी राहिली नव्हती. दिवाळी होऊन महिना झाला असेल, तेव्हा बापानं, म्हणजे सूर्यभाननं, तळ घाटाखाली खानदेशात उतरवायचं ठरवलं. माझा थोरला भाऊ सोनाजी अठरा-एकोणीस वर्षांचा होता. नुकतंच त्याचं लग्न झालेलं. सारजावहिनी सोळा वर्षांची, लाजायलाही अजून धड शिकली नव्हती. सोनादादाचं आणि बापाचं निघायच्या आदल्या दिवशी वाजलं. दादा म्हणाला, मेंढरं विकू, मी शहरात कामाला जातो. बापानं सगळ्या तळादेखत त्याला वाजवली. वहिनीदेखत.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाटाच्या तोंडाशी पोचलो, तेव्हा चार मेंढ्या कमी भरल्या. दादा काठी घेऊन आल्या वाटेनं मागं गेला. दुपारची गोष्ट. ऊन कलायला आलं तरी त्याचा पत्ता नाही. बापानं त्याची शीळ शेपूट लावून घातली. उत्तर नाही. फकिराकाकानं घातली, सांडूकाकानं घातली. उत्तर नाही. बापानं पटका आवळला आणि काठी उचलली. मागं जाऊन बघतो म्हणाला.

आमच्यात आणखी एक होतं. बाहेर गेलेल्या पोराचा आवाज आल्याशिवाय आई पाणी प्यायची नाही. आमची आई, आक्काबाई, सकाळपासून तशीच होती. सकाळी मेंढरं पाजताना स्वतः प्यायचं राहून गेलेलं, मग दादा गेला. तिचे ओठ फुटले होते आणि तिला भोवळ यायला लागली होती. मडक्यात पाणी होतं. मी वाटी घेऊन तिच्यासमोर बसले होते आणि ती मान हलवत होती. "येऊ दे त्याचा आवाज," एवढंच म्हणायची.

मला शीळ येत होती. दादानंच शिकवली होती, मेंढरांमागं असताना, कुणी नसलं की. स्वतःचीच शीळ शिकवली, गंमत म्हणून. पहिले दोन चढते सूर, मग जरा थांबून एक लांब, सरळ. मला ती त्याच्यासारखीच जमायची, इतकी, की तो पोट धरून हसायचा आणि म्हणायचा, "बाने, मी मेलो तर तू मेंढरं राख."

मी सरपण आणायचं निमित्त करून कड्याच्या बाजूला, खडकांमागं गेले. ती बाजू पुढची होती. दादा गेला होता मागं. बारा वर्षांच्या पोरीनं एवढा विचार केला नाही. लपायला खडक तिकडेच होते. दोन बोटं तोंडात घातली आणि दादाची शीळ घातली. कोरी.

तळावर एकदम हालचाल झाली. "आला आला," कुणीतरी ओरडलं. मी सरपणाच्या चार काटक्या घेऊन परत आले, तेव्हा आई पाणी पीत होती. वाटी दोन्ही हातांनी धरून. सारजावहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. बापानं पटका सोडला, काठी टाकली आणि खाली बसला. "म्होरं गेला," तो म्हणाला. "कड्याखालून आवाज आला. कालचा राग हाय त्याला. येईल सकाळपातुर."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, आईचा जीव वाचवला. दादा काय, येणारच होता.

सकाळी दादा आला नाही. बाप म्हणाला, खाली भेटेल, चला. आम्ही घाट उतरलो. मी आईला एकदा म्हटलं, "दादा मागं गेलता ना गं? मागं बघू की." आई म्हणाली, "येडे, आवाज म्होरून आला." त्यावर माझं तोंड मिटलं. उतरता उतरता अकरा मेंढ्यांनी गाभ टाकला. दुष्काळ होता, अंगात काही नव्हतं, टाकणारच. पण मला वाटलं, माझ्या शिळेनंच टाकला. आता सांगितलं, तर दादाचं जाऊ दे, या अकरा मेंढ्यांसाठी बाप मला कड्यावरून ढकलून देईल. दादा हरवला यापेक्षा मला मेंढ्यांचीच भीती जास्त वाटत होती. काय अक्कल म्हणायची!

खाली पंधरा दिवस शोधलं. पुढच्या गावांत, बाजारांत, दुष्काळी कामांवर. मागं कुणीही गेलं नाही. आवाज पुढून आला होता ना!

तो कुठल्या तरी दरीत पडला असणार. पाय मोडला असेल, नाहीतर कमरेत लागलं असेल. पडल्या पडल्या मेला असेल, असं मी पुष्कळ वर्षं मनाला सांगितलं. पण मला ठाऊक आहे, तो शीळ घालत असणार. एक दिवस, दोन दिवस, ओठ चालतील तोवर. स्वतःची, कोरी. ऐकायला कुणी नव्हतं. आम्ही घाट उतरलो होतो.

बापानं मात्र आपलं गणित मांडलं. पोरगा जिवंत आहे. त्यानं आवाज दिला आणि आला नाही, म्हणजे मुद्दाम आला नाही. मारलं म्हणून रुसून गेला. राग शांत होईल, तेव्हा येईल. या एका गोष्टीवर तो चव्वेचाळीस वर्षं जगला.

तो जगला त्याचं काही नाही. सारजावहिनीलाही त्यानं तसंच जगवलं. आमच्यात नवरा मेला तर बाईचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न, त्यात कमीपणा नाही. दोन वर्षांनी वहिनीचा बाप तिला न्यायला आला. वैजापूरकडच्या पुंजारामचं स्थळ होतं. बायको बाळंतपणात गेलेला, शांत स्वभावाचा माणूस. तोही सोबत आला होता, तळाच्या कडेला घोडं धरून उभा होता. आमच्या बापानं दोघांना परत पाठवलं. "नवरा जिता असताना पाट? त्यानं आवाज दिलाय. आख्ख्या तळानं ऐकलाय." वहिनीच्या बापानं तिला विचारलं. तिनं सांगितलं, "व्हय. मी बी ऐकलाय." मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि त्यांच्यासाठी भाकरी थापत होते. भाकऱ्या चांगल्या झाल्या होत्या, पाहुण्यांनी कौतुक केलं.

आई त्यानंतर तीन वर्षांनी गेली. माझं लग्न झालं, मी शहरात आले. मेंढरं संपली, तळ मोडला. नवरा गेल्यावर मी बापाला आणि वहिनीला मुकुंदवाडीतल्या माझ्या दोन खोल्यांत आणलं. वहिनी दाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. येता-जाता रस्त्यावरच्या माणसांची तोंडं बघायची तिची सवय साठीतही गेली नव्हती. आधी तरण्या पोरांची बघायची. मग कुणीतरी सांगितलं असावं, किंवा तिचं तिलाच कळलं असेल. हळूहळू म्हाताऱ्यांची बघायला लागली.

आणि बाप रोज दिवे लागायच्या वेळी ओट्यावर बसून दादाची शीळ घालायचा, शेपूट लावून. गल्लीत नवीन आलेल्या एका बाईनं त्यावर भांडण काढलं, की म्हातारा पोरीबाळींवर शिट्ट्या मारतो. मी तिला म्हटलं, नव्वदीला आलाय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पोरगी आहे का म्हैस आहे ते दिसत नाही त्याला. तेव्हा कुठं ती गेली. मग बाप न्हाणीत घसरला आणि खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशन नको, घरी न्या. तो खाटेवर पडून शीळ घालायला लागला. दात नव्हते, नुसती हवा निघायची.

फिल्मनंतरच्या रविवारी मी ठरवलं, सांगायचं. बाप जाण्याआधी सांगायचं, म्हणजे तो पोराला रुसवेखोर समजत मरणार नाही. आणि वहिनीला सांगायचं, म्हणजे तिची वाट बघणं तरी थांबेल. खरं बोलायचं तर मला स्वतःलाच मोकळं व्हायचं होतं. बाकीची कारणं मी नंतर जोडली. दुपारचे चार वाजले होते. वहिनी रेशनच्या दुकानात गेली होती. मी खाटेशी बसले.

"बा, बहात्तरला घाटावर दादानं आवाज दिला ना, तो दादा नव्हता. ती शीळ मी घातलीवती."

बाप बोळकं उघडून हसला. "येडी का खुळी? पोरीला शीळ येती व्हय?"

"दादानंच शिकवलीवती."

"सांडूनं ऐकली, फकिरानं ऐकली. मी ऐकली. माझ्या पोराची शीळ मला कळंना व्हय? तू चुलीम्होरं बसलीवतीस."

"मी कड्याला सरपन आनाया गेलते, बा. आई पानी पिईना म्हनून घातली."

"झोप जरा. दिसभर त्या बाटल्या पुसून डोस्कं फिरलंय तुझं."

मला राग आला. चव्वेचाळीस वर्षं ज्या गोष्टीनं मला झोप लागू दिली नाही, ती यानं एका वाक्यात झाडून टाकली, का, तर पोरीला शीळ येत नाही. म्हटलं, थांब, दाखवतेच. दोन बोटं तोंडात घातली. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. दुसऱ्यांदा शीळ आली. दोन चढते सूर, थोडं थांबून एक लांब, सरळ. अगदी तशीच. माझ्या पन्नाशी उलटलेल्या तोंडातून एकोणीस वर्षांचा सोनादादा निघाला.

बापाचं तोंड उजळलं. मी जन्मात त्याला असा पाहिला नव्हता. मोडक्या खुब्यावर तो उठून बसायला लागला.

"सोन्या!" त्यानं हाक मारली, आणि मग दात नसलेल्या तोंडानं शेपटाची शीळ. "बाने, दार उघड. दारात हाय त्यो."

"बा, मी हाय ती. हिकडं बघ. मी घातली."

तो माझ्याकडे बघतच नव्हता. बघितलं असतं, तरी त्याला माझे ओठ दिसले नसते. मी त्याचा हात माझ्या तोंडावर धरला आणि पुन्हा शीळ घातली. त्यानं हात झटकून घेतला. "दोनदा दिली!" तो म्हणाला. "दार उघड म्हनतो ना!"

तेवढ्यात दार उघडलं. वहिनी होती. रेशनचे गहू कोपऱ्यावरच टाकून पळत आली होती. साठ वर्षांची बाई, गल्लीभर पळत. तिनं आत बघितलं, दारामागं बघितलं, न्हाणीत जाऊन बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझी दोन बोटं ओली होती. तशीच समोर धरलेली.

"तवा पन?" तिनं विचारलं.

मी होय म्हणून मान हलवली.

ती भिंतीला धरून खाली बसली. मी म्हटलं, "वहिनी, मार मला." तिला ते ऐकूच गेलं नसावं. बाप खाटेवरून सारखा सांगत होता, "सारजे, नवरा आलाय तुझा. पानी दे त्याला. भाईरच उभा हाय, लाजतोय." दोन-तीनदा सांगितल्यावर ती उठली. तांब्या भरला, दाराबाहेर गेली, आणि बरीच बाहेर राहिली. रस्त्यावर रिक्षांचे आवाज येत होते. मग ती आत आली.

"काय म्हनला?" बापानं विचारलं.

वहिनीनं तांब्या जागेवर ठेवला. "थांबले नाय, मामा."

मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी ते मिटलं.

बाप त्यानंतर नऊ दिवस होता. शीळ घालणं त्यानं बंद केलं. भेटायला येईल त्याला एकच सांगायचा, सोन्या दारात येऊन गेला, बापाचं तोंड नाही बघितलं. आधी चव्वेचाळीस वर्षं आशा तरी होती, की राग जाईल तेव्हा येईल. आता आला आणि उंबऱ्यावरून परत फिरला. एवढं काय मारलं होतं मी त्याला, असं तो छताला विचारायचा. मी आणखी दोनदा सांगून बघितलं. शेवटच्या वेळी तो म्हणाला, "भावाची बाजू घेऊन खोटं बोलू नको." आणि भिंतीकडे तोंड केलं. भिंतीकडे तोंड करूनच गेला.

दहावा पैठणला, गोदावरीवर केला. सोयगावकडून एक जीप भरून भावकी आली. सांडूकाका आता सगळ्यांत थोरला. पिंड ठेवून सगळे घाटाच्या पायऱ्यांवर बसले, तेव्हा त्यानं विषय काढला. सोन्या शहरातच कुठंतरी असणार. बाप गेल्याचं त्याला कळवलं पाहिजे, त्याच्या हातून काहीतरी व्हायला पाहिजे. जीपवाल्या पोरांनी मोबाईल काढले. फोटो तर नव्हता. मग सांडूकाकानं दादाची शीळ शेपूट लावून घातली, पोरांनी ती मोबाईलात घेतली आणि जितके म्हणून ग्रुप होते तितक्यांवर पाठवली. माझ्या डोळ्यांसमोर पाठवली. तिथून ती कुठं कुठं गेली असेल, देव जाणे.

मी उभी राहिले. ठरवलं होतं, इथे सगळे आहेत, इथेच सांगायचं. मारतील तर मारतील. "सांडूकाका," मी म्हटलं, "दादानं आवाज दिला म्हनता ना, ती शीळ दादाची नव्हती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सांडूकाका म्हणाला, "मंग कुनाची व्हती?"

"त्यांचीच व्हती," बायकांतून आवाज आला. वहिनी बसल्या जागेवरून बोलत होती. आमच्या भावकीसमोर इतक्या मोठ्यानं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. "मी गल्लीच्या कोपऱ्यावरून ऐकली. कोरी व्हती. मी पानी घेऊन भाईर गेले. पाठमोरे जाताना दिसले मला. बानाबाईचं मन नाय मानत, भाऊ बापाला न भेटता गेला म्हनून ती आसं बोलती."

बायका हळहळल्या. एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला खाली बसवलं. सांडूकाका डोळे पुसत म्हणाला, "लई कठीन काळजाचा निघाला सोन्या."

भावकी जेवून गेली. आम्ही दोघी एसटीच्या थांब्यावर बसलो. गाडीला वेळ होता. मी विचारलं, "वहिनी, असं का केलंस? तू सुटली असतीस."

"कशातून?" ती म्हणाली. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्यो पुंजाराम घोडं धरून उभा व्हता. मला पसंत व्हता. मी त्याला नाय म्हनले, कारन माझा नवरा जिता व्हता. आता तू दहा मानसांत सांगनार, की नव्हता. मंग मी नाय कशापायी म्हनले?"

मी पिशवीतून तिकिटाचे पैसे काढून मोजायला लागले.

"तुला मोकळं व्हायचं आसंल," वहिनी म्हणाली, "तर मी मेल्यावर व्हय."

मग गाडी आली. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे आणि तिची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे.